दलदल मिथेन सोडते, मग ती वाळवलेली बरी का?

गडहिंग्लजकडच्या एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय, "सर, पीटलँड नैसर्गिकरीत्याच मिथेन सोडतात, माणसानं काही केलं नाही तरी. मग त्या जमिनी वाळवल्या तर वातावरणाचा फायदाच नाही का? आणि आपल्या कोल्हापुरात पीट नाहीच, तर मी या विषयावर प्रोजेक्ट कसा करू?"

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं उत्तर करता येतो. एवढं लिहून थांबलो असतो, पण मी वीसेक वर्षं मातीतनं निघणारा गॅस मोजायचंच काम करतोय, भाताच्या खाचरात, तळ्याच्या काठी, आणि एक अख्खा उन्हाळा फिनलंडमधल्या खऱ्या पीटच्या दलदलीत काढलाय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

आधी पीट म्हणजे काय ते. आपल्याकडं नर्सरीत कोकोपीट मिळतं ते पीट नव्हे, तो नारळाच्या काथ्याचा भुगा. खरं पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळं अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर. वर नवीन शेवाळ, गवत वाढतं, मरतं, खाली दबतं, पण पाण्यामुळं ऑक्सिजन पोचत नाही म्हणून पूर्ण कुजत नाही, आणि थरावर थर चढत जातो. गती किती, तर वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर. म्हणजे चार मीटर पीट म्हटलं की किमान चार हजार वर्षांचा हिशोब झाला. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जागा असली आहे, पण तिच्यात साधारण ६०० अब्ज टन कार्बन दडलाय, जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात आहे त्यापेक्षा जास्त. हा आकडा डोक्यात ठेव, पुढं लागणार आहे.

आता मिथेन. तुझ्या गावात गोबर गॅसची टाकी असेलच, आपल्या जिल्ह्यात त्याची काय कमी नाही. टाकीत शेणकाला टाकला, हवा बंद केली, की आतले जीवाणू गॅस बनवतात, त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साईड. दलदलीतही तेच कुळ काम करतं. शास्त्रात त्यांना जीवाणूपेक्षा वेगळं धरतात, आर्किया म्हणतात, पण काम तेच. आणि आपल्या घरातल्या बायकांना जे माहीत आहे की थंडी पडली की गोबर गॅस कमी पडतो आणि पोळ्या अर्ध्यात राहतात, ते दलदलीलाही लागू आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की मिथेन तयार व्हायचा वेग दुप्पट ते चौपट होतो, कधी त्याहून जास्त.

पण टाकीत आणि दलदलीत एक फरक आहे. टाकीत तू घालशील तेच असतं, मातीत मात्र मिथेनवाल्यांच्या आधी जेवायला बसणारे बरेच असतात. पंगतीसारखं समज. पहिल्या पंगतीला ऑक्सिजन वापरणारे बसतात, ऑक्सिजन संपला की नायट्रेटवाले, मग मँगनीज, मग लोहवाले, मग सल्फेटवाले, आणि सगळे उठून गेल्यावर शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं घेऊन मिथेन बनवणारे. म्हणून खाचरात पाणी सोडल्या सोडल्या मिथेन निघत नाही, एक-दोन आठवडे जावे लागतात, आधीच्या पंगती उठायला लागतात. म्हणूनच खाडीतल्या कांदळवनात, जिथं समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट भरपूर येतं, तिथं तेवढीच काळीकुट्ट राड असूनही मिथेन कमी निघतो. आपल्या गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या लाल मातीत लोह भरपूर आहे, मग तिथं मिथेन उशिरा निघेल का असं वाटेल, तर थोडंफार खरं आहे पण त्यातलं बरंच लोह पक्क्या स्फटिकाच्या रूपात असतं, सूक्ष्मजीवांना ते सहज खाता येत नाही, त्यामुळं नुसता मातीचा रंग बघून अंदाज करायचा नाही.

तयार झालेला मिथेन वर येतो तीन वाटांनी. एक, पाण्यात विरघळून हळूहळू झिरपत वर. दोन, बुडबुडे होऊन. १७७६ साली व्होल्टानं, हाच तो बॅटरीवाला व्होल्टा, इटलीतल्या माजोरे तलावाच्या काठच्या दलदलीत काठीनं चिखल ढवळून हेच बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले, मिथेनची शास्त्रातली गोष्ट तिथनं सुरू होते. तीन, झाडाच्या आतनं. पाण्यात उभं राहणाऱ्या वनस्पतींच्या खोडात हवेच्या पोकळ नळ्या असतात, मुळांना ऑक्सिजन पोचवायला, त्याच नळ्यांनी खालचा मिथेन वर येतो. भाताच्या खाचरातला बहुतेक मिथेन असाच भाताच्या पेंढीतनं बाहेर पडतो, ९० टक्क्यांपर्यंत. ओढ्याकडंला पाणकणीस असतं ना, ते तर दिवसा ऊन पडलं की आत दाब तयार करून हवा खेळवतं.

झिरपत येणाऱ्या मिथेनला मात्र वाटेत एक टोलनाका लागतो. पाण्याच्या पातळीच्या वर, जिथं मातीत थोडी हवा असते, तिथं मिथेन खाणारे जीवाणू बसलेले असतात आणि ते त्याचा कार्बन डायऑक्साईड करून टाकतात. बुडबुडे आणि झाडातनं जाणारा गॅस हा नाका चुकवून बायपासनं जातात. स्फॅग्नम नावाचं जे पीटचं मुख्य शेवाळ, त्याच्या तर पेशींमध्येच असले मिथेन खाणारे जीवाणू राहतात आणि त्यांनी तयार केलेला कार्बन डायऑक्साईड शेवाळ वापरतं, २००५ साली हे सिद्ध झालं.

म्हणजे सगळा खेळ पाण्याची पातळी कुठं आहे यावर. पृष्ठभागाच्या वर असेल तर टोलनाकाच नाही, मिथेन सुटला. वीस-तीस सेंटिमीटर खाली असेल तर बराचसा मिथेन वाटेतच संपतो. या विषयात मला शेवटी एवढी एकच गोष्ट सांगायची आहे, गॅसचं नाव नंतर विचार, आधी पाणी किती खोलीवर आहे ते विचार.

फिनलंडला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला पुस्तकातनं माहीत होतं, पायातनं माहीत नव्हतं. तिथल्या दलदलीत शेवाळाचे उंचवटे असतात आणि मधे पाण्याचे खळगे, दोन्हींत अंतर असतं हातभर. मी दोन्हीकडं चेंबर लावलं, चेंबर म्हणजे उलटी घातलेली हवाबंद पेटी, सांगतो पुढं, आणि खळग्यातला आकडा उंचवट्याच्या दहापट आला. मी खूश, मोठा शोध लावल्यासारखा. तिथल्या म्हातारबांनी, ज्यांच्या हाताखाली मी होतो, आलेख बघितला आणि विचारलं उभा कुठं होतास. मी म्हटलं शेजारी. त्यांनी फळीचा रस्ता दाखवला जो मी वापरला नव्हता. माझ्या पंच्याहत्तर किलोनं चिखल दाबला गेला, अडकलेले बुडबुडे निसटले आणि थेट पेटीत गेले. दिवसभराचे नमुने गटारात. दुसऱ्या दिवशी फळीवरनं घेतले तर फरक होताच, पण तिपटीच्या आसपास. तेव्हापासनं कोणाचाही आकडा बघितला की माझा पहिला प्रश्न हाच असतो, उभा कुठं होतास. (आणि तिथले डास, आपल्या पंचगंगेकाठचे डास त्यांच्यासमोर पाहुण्यासारखे वागतील.)

आता तुझा मूळ प्रश्न, वाळवलं तर काय. चर खणून पाणी काढलं की मिथेन थांबतो हे खरंच आहे, जवळपास शून्यावर येतो, कधी तर माती उलटा हवेतला मिथेन खाते. फक्त चराच्या पाण्यातनं येतो थोडा, तो बरेच जण मोजायचे विसरतात. पण पातळी खाली गेली म्हणजे हजारो वर्षं बंद असलेल्या कोठाराचं दार उघडलं. ऑक्सिजन आत गेला, पहिली पंगत परत बसली, आणि आता त्यांच्यासमोर ताट आहे चार हजार वर्षांचं. समशीतोष्ण भागात निचरा करून शेती केलेल्या पीटसाठी आयपीसीसीनं, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीनं, जो आकडा धरलाय तो हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन, म्हणजे साधारण २९ टन कार्बन डायऑक्साईड. आणि शाबूत दलदल वर्षाला किती साठवते, तर चौरस मीटरला वीस-तीस ग्रॅम कार्बन, हेक्टरी टनभराच्या आसपास कार्बन डायऑक्साईड. म्हणजे एका वर्षात जे उडवलं ते परत जमवायला तीस वर्षं. असला व्यवहार सोसायटीनंही मंजूर केला नसता.

इंग्लंडमध्ये होम फेन म्हणून जागा आहे, तिथलं तळं आणि दलदल १८५० च्या सुमारास उपसली तेव्हा कुणीतरी शहाण्यानं लोखंडी खांब खाली पक्क्या मातीपर्यंत रोवून त्याचं टोक जमिनीला बरोबर टेकवून ठेवलं. आज तो खांब साधारण चार मीटर वर आलाय. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. आता यातलं सगळंच उडून गेलं असं नाही, पाणी गेल्यावर पीट दबतं, आकसतं, सुरुवातीची घट बरीचशी तीच असते, पण उरलेलं हवेत गेलंय. आणि इंडोनेशियातली गोष्ट तर त्याहून वाईट, १९९६ च्या सुमारास मध्य कालीमंतानमध्ये दहा लाख हेक्टर दलदलीवर भात पिकवायचा म्हणून हजारो किलोमीटर कालवे खणले, भात काही झाला नाही, पीट वाळलं आणि १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात पेटलं. त्या एका वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगीत ०.८ ते २.५ अब्ज टन कार्बन गेला असा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला. पीटची आग वरनं विझली तरी जमिनीखाली धुमसत राहते, उसाचं पाचट पेटवल्यासारखी अर्ध्या तासात संपत नाही.

वर तिसरा गॅस येतो तो वेगळाच, नायट्रस ऑक्साईड. ओल्या, शाबूत पीटमधनं हा जवळपास निघतच नाही, कारण नायट्रेट नसतं, आणि असलं तरी पूर्ण नायट्रोजन होईपर्यंत खाल्लं जातं. पण निचरा केला, त्यातून ते पीट नत्रानं श्रीमंत असलं, कार्बन-नत्राचं प्रमाण २५ च्या खाली असलं, की तो सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबानं त्याचा एक किलो म्हणजे २७३ किलो कार्बन डायऑक्साईड. हवेत टिकतो शंभरेक वर्षं. त्यामुळं "मिथेन बंद केला" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यानं दुसऱ्या दारानं काय बाहेर पडलं ते बघायचं असतं.

आता तू म्हणशील, सर पण मिथेन तर कार्बन डायऑक्साईडच्या २७ पट आहे ना. हो, शंभर वर्षांच्या मापानं २७, वीस वर्षांच्या मापानं ८० च्या आसपास. आणि गंमत म्हणजे या मापानं गणित केलं तर शाबूत दलदलही तोट्यात दिसते. धर चौरस मीटरला २५ ग्रॅम कार्बन साठला, म्हणजे ९२ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड आत. आणि ६ ग्रॅम मिथेन बाहेर, गुणिले २७, म्हणजे १६२. झालं, दलदल गुन्हेगार. हेच गणित करून लोक मला पाठवतात.

चूक गुणाकारात नाही, काळात आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घरी पाहुणे येतात. रोज दहा आले आणि आधीचे दहा गेले तर घरात रोज दहाच माणसं, आचाऱ्याला काही फरक पडत नाही. मिथेन असा पाहुणा आहे, दहा-बारा वर्षांत हवेतनं जातो. हजारो वर्षं तेवढाच मिथेन सोडणारी दलदल हवेत नवीन भर घालत नाही, जेवढा येतो तेवढा जातो. कार्बन डायऑक्साईडचं तसं नाही, बाहेर काढला तर तो मुक्कामाला येतो, आणि साठवला तर दर वर्षीची साठवण कायम जमेला राहते. दलदल नवीन असते तेव्हा सुरुवातीची काही शतकं ती खरोखर तापवते, नंतर साठा मिथेनवर मात करतो, आणि उत्तर गोलार्धातल्या पीटचा आजचा एकूण परिणाम थंड करणाराच आहे असं २००७ मध्ये मांडलं गेलंय. म्हणजे नैसर्गिक मिथेन हा आजच्या तापमानवाढीचा आरोपी नाही. मात्र दलदल तापली, किंवा उत्तरेकडं जमिनीतला कायमचा बर्फ वितळून नवीन खळगे पाण्यानं भरले, आणि मिथेन वाढला, तर ती वाढ मात्र नवीन पाहुणे आहेत, ती मोजावीच लागते. एवढा फरक लक्षात ठेव, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

मग वाळवलेली दलदल परत भिजवली तर? मिथेन परत येतो, सुरुवातीला तर जास्तच येतो, बुडालेलं ताजं गवत कुजतं म्हणून. तरीही फायद्यात. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हिशोब असा की निचरा केलेल्या शेतीतली पातळी दर १० सेंटिमीटर वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साईडएवढा फायदा, पातळी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरपर्यंत येईतो. त्याच्या वर मिथेन डोकं काढायला लागतो आणि हिशोब नाजूक होतो. शेती पूर्ण बंद न करता पातळी अर्ध्यावर आणली तरी बराच फायदा आहे, हे मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटतं, कारण शेतकऱ्याला "जमीन सोड" म्हणणं सोपं आणि करणं अवघड.

ट्रेस गॅस, म्हणजे हवेत अगदी नगण्य प्रमाणात असणारे वायू, त्यात एवढे तीनच नाहीत. आयसोप्रीन, मिथाईल क्लोराईड, मिथाईल ब्रोमाईड, डायमिथाईल सल्फाईड, असले बरेच सूक्ष्म प्रमाणात निघतात, ढग आणि ओझोनच्या रसायनात त्यांचं काम आहे. पण ते मोजायची यंत्रं वेगळी, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टात त्यांच्या नादाला लागू नकोस.

आता कोल्हापूर. आपल्याकडं पीट का नाही हे आधी समजून घे, कारण पाऊस कमी म्हणून नाही. गगनबावड्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, फिनलंडच्या आठ-दहापट. पण तो चार महिन्यांत. मसाई पठारासारख्या सड्यावर ऑगस्टमध्ये जा, सगळीकडं पाणी, दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पती, सीतेची आसवं, पायाखाली पचपच. मार्चमध्ये जा, तवा. वर्षात सात-आठ महिने ऑक्सिजन मोकळा आणि उन्हाचा तडाखा, साठलेलं सगळं कुजून जातं. पीटला पाऊस किती पडला याच्याशी देणंघेणं नाही, पाणी बारा महिने टिकलं का याच्याशी आहे. सह्याद्रीच्याच रांगेत दक्षिणेला नीलगिरीत उंचीमुळं थंडी आहे, दोन्ही मान्सून आहेत, दऱ्यांत पाणी टिकतं, तिथं पीट आहे. त्या पीटवरनं गेल्या वीस हजार वर्षांतला पाऊस कसा बदलला हे रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलं होतं. केरळात कुट्टनाडमध्ये कोळशासारखी काळी 'करी' माती आहे, तीही सेंद्रिय आणि आम्लधर्मी. म्हणजे भारतात पीट नाही असं नाही, फक्त आपल्या आसपास नाही.

पण पीट नसलं तरी पंगत तीच आहे, टोलनाका तोच आहे. म्हणून तुझा प्रोजेक्ट असा कर, पाण्याच्या पातळीचा उतार शोध. आजऱ्याकडं किंवा गगनबावड्याकडं भाताच्या खाचरात, किंवा तळ्याच्या काठी जिथं कोरड्यापासनं बुडालेल्यापर्यंत दहा-पंधरा मीटरात सगळं सापडतं. शिरोळकडची चिबड जमीनही चालेल पण तिथं क्षार आणि सल्फेट मधे येतात, पहिल्या प्रोजेक्टाला गुंता नको. आपल्याकडं भाताच्या दोन पद्धती शेजारी शेजारी मिळतात, धूळवाफ पेरणी आणि चिखल करून रोपलावण, एकाच शिवारात दोन्ही मिळाल्या तर सोनं. धूळवाफेत सुरुवातीचे आठवडे जमीन मोकळी असते, पाणी उशिरा साचतं, मिथेन कधी सुरू होतो हे दोन्हीकडं तारखेनिशी टिपलंस तरी एक धडा लिहून होईल.

पेटीचं सांगतो म्हटलं होतं. ५० बाय ५० सेंटिमीटरची, ३० उंचीची ॲक्रिलिकची पेटी कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं होते, आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि थर्मामीटर, वर रबरी बूच. भात वाढला की तुऱ्यापर्यंत उंची लागते, तेव्हा मधे जोडायचा एक भाग करून घे, झाड वाकवून कोंबायचं नाही, कारण बहुतेक गॅस त्याच्यातनंच येणार आहे. जमिनीत बसवायची चौकट आठवडाभर आधी घालून ठेव, घातल्या दिवशी मुळं तुटतात आणि आकडे खोटे येतात. लाकडी फळी टाक, पाय चिखलात नको, माझं झालं तसं. झाकल्यावर शून्य, दहा, वीस, तीस मिनिटांनी सिरिंजनं हवा काढायची, कुपीत भरायची, आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवायची, मिथेनला एफआयडी, नायट्रस ऑक्साईडला ईसीडी डिटेक्टर. यंत्राची वेळ आधी पक्की कर. माझे साठ नमुने एकदा एका प्रयोगशाळेत यंत्र बंद म्हणून तीन महिने पडून राहिले आणि कुप्यांची बुचं गळली, त्या हंगामाचं पाणी झालं.

हिशोब अवघड नाही. धर पेटीत मिथेन २ पीपीएमवरनं (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) अर्ध्या तासात ५ वर गेला, म्हणजे तासाला ६ पीपीएम. पेटीची उंची ०.३ मीटर. आता एका घनमीटर हवेत किती मोल, पुस्तकात २५ अंशाला ४०.९ लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. आपण साडेपाचशे मीटरवर आहोत, दाब कमी, ३८ च्या आसपास धर. सहा दशलक्षांश गुणिले ०.३ गुणिले ३८ गुणिले १६ ग्रॅम, म्हणजे तासाला चौरस मीटरमागं १.१ मिलिग्रॅम, दिवसाला २६ च्या आसपास. दाबाची ही दुरुस्ती न केल्यानं सहा-सात टक्के जास्त आलेले आकडे मी छापलेल्या कामातही बघितलेत.

चार बिंदू एका रेषेत आले नाहीत आणि मधेच उडी दिसली तर तो बुडबुडा आहे. तो फेकायचा नाही, वेगळा नोंदवायचा, कारण खरा आहे, फक्त झिरपण्याचा नाही. बुडबुडे वेगळे मोजायचे तर उलटं नरसाळं आणि वर पाण्यानं भरलेली बाटली, व्होल्टाच्या काळापासनं यंत्र तेच आहे. हवेचा दाब उतरला की बुडबुडे जास्त सुटतात, वळीव यायच्या आधी बघ. उणे आकडा आला तर घाबरू नको आणि शून्यही करू नको, माती मिथेन खातेय. रात्रीचे निदान दोन-तीन दिवस घे, सगळे आकडे सकाळी दहाचेच असतील तर चोवीसनं गुणायचा तुला अधिकार नाही. प्रत्येक वेळी मातीचं तापमान आणि छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात पाणी किती खोल आहे ते, हे दोन आकडे विसरलीस तर बाकीचे काहीही असले तरी मी सही करणार नाही.

आणि एक, नायट्रस ऑक्साईड बघायचाच असेल तर भातात नको, उसात बघ. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, लोक घालतात त्याहून जास्त ते वेगळं. त्यातलं १ टक्का नायट्रस ऑक्साईडच्या रूपात जातं हा आयपीसीसीचा सरधोपट आकडा धरला तर ४ किलो नत्र, म्हणजे ६.३ किलो गॅस, म्हणजे हेक्टरी १७०० किलो कार्बन डायऑक्साईडच्या तोडीचं. युरिया टाकून पाणी पाजलं की पुढच्या काही दिवसांतच तो उसळतो आणि मग बसतो, आठवड्यातनं एकदा मोजणाऱ्याला दिसतच नाही. तसंच पहिल्या वळवानंतर, सुकलेली माती भिजली की काही तासांत कार्बन डायऑक्साईड आणि नायट्रस ऑक्साईडचा लोंढा येतो. तेव्हा शेतात असणाऱ्यालाच तो सापडतो, मोबाईलवर पावसाचा अंदाज बघत घरी बसणाऱ्याला नाही.

जनावरांपासनं पेट्या सांभाळ. एका तळ्याकाठी माझ्या दोन पेट्या म्हशीनं लोळून मोडल्या आणि मालक मलाच विचारत होता की गॅस निघालाय तर म्हशीला काही होणार नाही ना. शेतमालकाला आधीच सगळं दाखवून सांग, हवा मोजतोय, माती नेत नाही, सर्व्हेचा माणूस नाही. जमीन मोजणीवाला समजला तर संपलं. चौकटी मे अखेरीला घालायला पाहिजेत, पाऊस लागल्यावर फळ्या वाहून नेणं होत नाही. पेटीचं माप आणि पाइपाचं चित्र हवं असलं तर सांग, वहीतलं पान फोटो काढून पाठवतो.